मूलस्राव

वनस्पतींच्या जिवंत मुळांतून सभोवतालच्या मातीत सतत बाहेर पडणाऱ्या पदार्थांना ‘मूलस्राव’ म्हणतात. शर्करा, ॲमिनो अम्ले, कार्बनी अम्ले, फिनॉलिक संयुगे, एंझाइमे, बुळबुळीत श्लेष्मल द्रव्य आणि हायड्रोजन आयन यांचा त्यांत समावेश होतो. मुळे मातीतून पाणी व खनिजे शोषून घेतात हे सर्वपरिचित आहे. परंतु ती मातीला बरेच काही देतातही. प्रकाशसंश्लेषणाने वनस्पतीने स्थिर केलेल्या कार्बनापैकी सु. ५ ते २१ टक्के कार्बन मुळांवाटे मातीत जातो, असा अंदाज आहे. हे प्रमाण पिकाची जात, वय, जमिनीतील ओलावा व अन्नद्रव्यांची स्थिती यांनुसार बदलते.

आधीच्या पिकाचा जमिनीवर मागे राहिलेला परिणाम महाराष्ट्रातील शेतकरी ‘बेवड’ या शब्दाने व्यक्त करतात. एखाद्या पिकाचा बेवड पुढच्या पिकास मानवतो, एखाद्याचा मानवत नाही, हा अनुभव जुना आहे. त्याचे कारण धसकटे व गळलेला पाला यांत शोधण्याची रीत आहे व ती योग्यही आहे. तथापि बेवडाचा काही भाग पीक उभे असतानाच मूलस्रावांच्या द्वारे घडत असतो. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील, म्हणजे वऱ्हाडातील, कापूस, तूर, ज्वारी, हरभरा व सोयाबीन या पिकांच्या आधारे ही प्रक्रिया चांगली स्पष्ट करता येते. कारण या पाचही पिकांच्या मूलस्रावांचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे आणि त्यांचे कार्य परस्परांहून भिन्न आहे.

इतिहास : मुळे काही द्रव्ये बाहेर टाकतात व त्यांमुळे पिकांची फेरपालट आवश्यक ठरते, अशी कल्पना स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्तीन पीराम द कांदॉल यांनी १८३२ मध्ये मांडली. पुढे १८४० नंतर यूस्टुस फोन लीबिक यांच्या खनिज पोषणाच्या विचारास प्राधान्य मिळाले आणि ही कल्पना मागे पडली. १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्ट्स हिल्टनर यांनी मुळांच्या प्रभावाखाली असलेल्या मातीच्या पातळ थरास स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यास मूलपरिसर म्हणता येईल. या थराची जाडी सामान्यतः काही मिलिमीटरच असते. पण त्यातील सूक्ष्मजंतूंची संख्या मुळांपासून दूरच्या मातीतील संख्येच्या दहा ते शंभर पट असू शकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्णलेखन व किरणोत्सर्गी कार्बनाचा मागोवा या पद्धती उपलब्ध झाल्यावर स्रावांतील संयुगे एकेक करून ओळखता आली.

स्राव बाहेर पडण्याची रीत : शर्करा व ॲमिनो अम्ले यांचे प्रमाण मुळाच्या आत अधिक व बाहेर कमी असल्यामुळे ती विसरणाने बाहेर झिरपतात. सायट्रिक व मॅलिक यांसारखी अम्ले कोशिका-पटलातील विशिष्ट मार्गांतून बाहेर पडतात व हे मार्ग गरजेप्रमाणे उघडतात. मुळाच्या टोकावरील मूलत्राणाच्या कोशिका श्लेष्मल द्रव्य तयार करतात. त्यामुळे टोक मातीत सरकताना घर्षण कमी होते. वऱ्हाडातील काळी माती सुकल्यावर आकसते व तिला भेगा पडतात. अशा वेळी मूळ व माती यांच्यातील संपर्क टिकविण्यास हे द्रव्य उपयोगी पडते. मातीचे कण एकत्र बांधले जाऊन तिची रचना सुधारण्यासही त्याची मदत होते. स्रावांचे प्रमाण मुळाच्या टोकाजवळ सर्वाधिक असते.

हरभऱ्याच्या बाबतीत स्रवण ही क्रिया डोळ्यांना दिसू शकते. हरभऱ्याच्या झाडांवर रात्री कापड अंथरून सकाळी दवाबरोबर ‘आंब’ गोळा करण्याची पद्धत महाराष्ट्रात परंपरागत आहे. आंब म्हणजे पानांवरील केसांतून स्रवणारी मुख्यत्वे मॅलिक व ऑक्झॅलिक अम्ले होत. जमिनीखाली हेच झाड मुळांतूनही अम्ले सोडीत असते; मात्र ती मातीत तत्काळ मिसळत असल्याने दिसत नाहीत.

वऱ्हाडातील मृदा : सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगा व अजिंठ्याच्या रांगा यांच्या दरम्यान पूर्णा नदीचे खोरे आहे. येथील काळी मृदा दक्षिणेकडील लाव्हाजन्य बेसाल्ट खडकापासून बनली आहे. तिच्यात फुगणाऱ्या व आकसणाऱ्या चिकण खनिजांचे प्रमाण मोठे असून ती सामान्यतः अल्कधर्मी व चुनखडीयुक्त आहे. सेंद्रिय कार्बन कमी आहे. फॉस्फरस मातीत असूनही त्याचा बराचसा भाग कॅल्शियमाशी बद्ध होऊन अविद्राव्य राहतो. लोह व जस्त यांचीही उपलब्धता कमी होते. म्हणजे अन्नद्रव्ये आहेत, पण पिकास मिळत नाहीत, अशी येथील मुख्य अडचण आहे. मूलस्रावांचे महत्त्व अशा मृदेत अधिक असते.

अन्नद्रव्यांची उपलब्धता : हरभऱ्याची मुळे सायट्रिक व मॅलॉनिक अम्ले मोठ्या प्रमाणात सोडतात. ती कॅल्शियमाशी संयोग पावतात आणि कॅल्शियम फॉस्फेटातील फॉस्फरस मोकळा होतो. रब्बी हंगामात केवळ जमिनीतील ओलाव्यावर वाढणाऱ्या हरभऱ्याला काळ्या जमिनीतून फॉस्फरस मिळविता येतो, याचे हे एक कारण आहे. याशिवाय हवेतील नायट्रोजन स्थिर करणारी शिंबावंत पिके नायट्रेटावर कमी अवलंबून असल्यामुळे त्यांची मुळे हायड्रोजन आयन बाहेर टाकतात व मूलपरिसर किंचित अम्लधर्मी होतो. चुनखडी हे अम्लत्व लवकर नाहीसे करीत असल्याने हा परिणाम मुळाभोवतीच्या अगदी पातळ थरापुरता मर्यादित राहतो.

तुरीची रीत वेगळी आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क कटिबंधीय पीक संशोधन संस्थेत (इक्रिसॅट) नोरिहारू आए व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. तांबड्या मृदेत फॉस्फरसाचे खत न देता इतर पिके खुरटली असता तूर वाढू शकली. तिच्या मुळांतून स्रवणारे पिसिडिक अम्ल व त्यापासून बनलेली संयुगे लोहाशी बद्ध होतात आणि लोह फॉस्फेटातील फॉस्फरस सुटा होतो, असे त्यांनी दाखविले. हा निष्कर्ष वऱ्हाडाच्या काळ्या मृदेस जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण येथील फॉस्फरस मुख्यत्वे कॅल्शियमाशी बद्ध असतो. परंतु लोहबद्ध अंशही या मृदेत असतो आणि तो उपयोगात आणणारी पिके थोडी आहेत. तुरीची मुळे खोल जात असल्याने वरच्या थरातील कापसाशी तिची स्पर्धाही कमी होते. कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ पेरण्याच्या वऱ्हाडी पद्धतीस असा दुहेरी आधार मिळतो.

गवत कुलातील वनस्पतींनी लोह मिळविण्यासाठी तिसरा मार्ग अनुसरला आहे. त्या म्युजिनिक अम्लासारखी, लोहाला पकडणारी संयुगे स्रवतात व लोहासह ती पुन्हा शोषून घेतात. ओट व भात यांच्या मुळांवरील संशोधनातून जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी १९७६ मध्ये हे प्रथम दाखविले. ज्वारीत अशा संयुगांचे स्रवण बार्लीपेक्षा बरेच कमी असते. त्यामुळे चुनखडीच्या जमिनीत ज्वारीची पाने लोहाअभावी पिवळी पडलेली दिसतात.

सूक्ष्मजीवांशी संबंध : मूलस्राव हे सूक्ष्मजीवांचे अन्न आहेच, पण त्यांतील काही संयुगे संदेशाचेही काम करतात. शिंबावंत पिकांची मुळे फ्लॅव्होनॉइड वर्गातील संयुगे सोडतात. त्यांमुळे मातीतील ऱ्हायझोबियम सूक्ष्मजंतूंमध्ये गाठी निर्माण करणारी जनुके कार्यान्वित होतात व सूक्ष्मजंतू उलट संदेश म्हणून दुसरे संयुग सोडतात. त्यानंतरच मूलरोम वळतो, सूक्ष्मजंतू आत शिरतात व गाठ तयार होते. लसूणघासातील अशा संयुगाची ओळख १९८६ मध्ये पटली. सोयाबीनमधील डाइडझीन व जेनिस्टीन यांचे हे कार्य १९८७ मध्ये सिद्ध झाले.

प्रत्येक पिकाचा संदेश निराळा असल्याने त्यास प्रतिसाद देणारे सूक्ष्मजंतूही निराळे असतात. तूर, मूग, उडीद व भुईमूग यांना चवळी गटातील सूक्ष्मजंतू चालतात आणि ते भारतीय मृदांत पूर्वापार आहेत. हरभऱ्याचा सूक्ष्मजंतू वेगळा आहे. सोयाबीन हे बाहेरून आलेले पीक असल्यामुळे त्याचा ब्रॅडीऱ्हायझोबियम जपोनिकम हा सूक्ष्मजंतू येथील जमिनींत मुळात नव्हता. ज्या शेतात सोयाबीन प्रथमच घेतले जाते तेथे मुळांनी संदेश दिला तरी तो समजणारा सूक्ष्मजंतू मातीत नसतो. म्हणून बियाण्यास जिवाणू संवर्धन लावणे आवश्यक ठरते. सामान्यतः १० किग्रॅ. बियाण्यास २५० ग्रॅ. संवर्धन लावतात. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी व संवर्धन नंतर लावतात. जमिनीत नायट्रेट विपुल असल्यास पीक गाठी कमी तयार करते. त्यामुळे या पिकांना नायट्रोजनी खताची मोठी मात्रा दिल्यास सहजीवनाचा लाभ घटतो.

बहुसंख्य पिकांच्या मुळांत शिरणाऱ्या व दूरच्या मातीतील फॉस्फरस मुळांपर्यंत आणणाऱ्या संकवकांशीही स्रावांद्वारेच संबंध जुळतो. फॉस्फरसाची उणीव भासू लागताच मुळे स्ट्रायगोलॅक्टोन वर्गातील संयुगे अधिक प्रमाणात सोडतात आणि कवकाच्या तंतूंना मुळांजवळ भरपूर शाखा फुटतात. हा शोध जपानी शास्त्रज्ञ आकियामा व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये लावला.

टारफुला आणि कापूस : स्ट्रायगोलॅक्टोनांचा शोध मात्र याच्या सु. चाळीस वर्षे आधी, एका शत्रूच्या संदर्भात लागला होता. टारफुला ही ज्वारीच्या मुळांवर जगणारी अर्धजीवोपजीवी वनस्पती आहे. तिचे बी अतिसूक्ष्म असते, एका झाडापासून हजारोंनी तयार होते व जमिनीत दहा वर्षांहूनही अधिक काळ सुप्तावस्थेत राहू शकते. यजमान मूळ अगदी जवळ असल्याचा संदेश मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. हा संदेश देणारे पहिले संयुग, ‘स्ट्रायगॉल’, १९६६ मध्ये अमेरिकेत कुक व त्यांचे सहकारी यांनी वेगळे केले. ते त्यांना मिळाले ते ज्वारीच्या नव्हे, तर कापसाच्या मुळांच्या स्रावातून.

कापूस हा टारफुल्याचा यजमान नाही. कापसाच्या शेतात टारफुल्याचे बी स्ट्रायगॉलमुळे रुजते, पण चिकटण्याजोगे मूळ न मिळाल्याने रोपटे थोड्याच दिवसांत मरते. अशा रीतीने जमिनीतील बियांचा साठा कमी होतो. एक वर्ष कापूस व दुसऱ्या वर्षी ज्वारी ही वऱ्हाडातील जुनी फेरपालट इतर कारणांनी रूढ झाली असली, तरी ज्वारीच्या या शत्रूचा बंदोबस्त तिच्यातून आपोआप काही अंशी होत असे. कापसाच्या सर्व वाणांत हा गुण सारखा नसतो. तसेच बियांचा साठा मोठा असल्याने एका हंगामात तो संपत नाही. नायट्रोजन व फॉस्फरस यांचा पुरवठा पुरेसा असल्यास ज्वारी स्वतः हे संयुग कमी सोडते. म्हणून कसदार जमिनीपेक्षा हलक्या व उपाशी जमिनीत टारफुल्याचा उपद्रव अधिक असतो. ज्वारीच्या काही प्रतिकारक वाणांत स्रावातील स्ट्रायगोलॅक्टोनाचा प्रकार बदललेला असून त्याने टारफुल्याचे बी फारसे रुजत नाही. त्यामागील जनुकाची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

ज्वारीचे स्राव : ज्वारीच्या मूलरोमांच्या टोकांवर तेलकट पिवळसर थेंब दिसतात. त्यांतील मुख्य संयुगास सॉर्गोलिओन हे नाव असून नेट्झली व बटलर यांनी १९८६ मध्ये त्याचे तणांच्या वाढीस रोधक असलेले कार्य वर्णन केले. ते तणांच्या रोपांतील प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणते. मातीतील अमोनियमाचे नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंनाही सॉर्गोलिओन रोखते, असे जी. व्ही. सुब्बाराव व त्यांचे सहकारी यांनी जपानमधील संशोधनातून २०१३ मध्ये दाखविले. नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर निचरून जाते किंवा पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत त्याचा वायू होऊन ते हवेत जाते. अमोनियम मात्र चिकणमातीस धरून राहते. त्यामुळे ज्वारीचा हा गुण दिलेले खत जमिनीत टिकविण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्वारीच्या काही वाणांत हे स्रवण अधिक, काहींत अल्प असते.

रोगकारक कवके : मूलस्राव मित्रांप्रमाणे शत्रूंनाही पाचारण करतात. फ्युजेरियम वंशातील कवकांचे विश्रामी बीजाणू मातीत पडून असतात व मुळांतून शर्करा आणि ॲमिनो अम्ले झिरपू लागताच अंकुरतात. तुरीवरील मर रोगास कारणीभूत होणाऱ्या कवकाचे वर्णन ई. जे. बटलर यांनी १९१० मध्ये केले. देशी कापसावरील मर रोगही याच वंशातील दुसऱ्या कवकामुळे होतो. भारतातील या कवकाचा प्रकार अमेरिकन कापसास सहसा बाधत नाही. वरुड व मोर्शी भागांतील संत्र्याच्या बागांत डिंक्या रोग करणाऱ्या फायटोफ्थोराचे चलबीजाणू जमिनीतील पाण्यात पोहत, मुळांच्या स्रावाच्या दिशेने जातात. बागेत पाणी साचू न देणे हा या रोगावरील प्रमुख उपाय आहे, याचे हेच कारण आहे.

तूर ज्वारीबरोबर घेतल्यास मर रोगाचे प्रमाण घटते, असे इक्रिसॅटमधील प्रयोगांत आढळले. ज्वारीची कोवळी ताटे खाल्ल्याने जनावरांना किराळ लागते ती त्यांतील हायड्रोसायानिक अम्लामुळे. हे अम्ल ज्वारीच्या मुळांतूनही सुटते व मूलपरिसरातील कवकांवर परिणाम करते, असे रंगस्वामी व बालसुब्रह्मण्यम् यांनी १९६३ मध्ये नोंदविले. त्यापूर्वी १९४१ मध्ये टिमोनिन यांना जवसाच्या रोगप्रतिकारक वाणात अशीच गोष्ट आढळली होती. अर्थात मर रोग कमी होण्यास तुरीच्या झाडांमधील वाढलेले अंतर व बदललेली सूक्ष्मजीवसृष्टी हीही कारणे असतात.

खारपाण पट्टा : पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील खारपाण पट्ट्यात भूजल खारे असून खालच्या थरातील मातीत सोडियमाचे प्रमाण अधिक आहे. कोरड्या हवामानात कॅल्शियम चुनखडीच्या रूपात साचत जाते व चिकणमातीवर सोडियमाचे प्राबल्य वाढते. जिवंत मुळांभोवती याच्या उलट प्रक्रिया अल्प प्रमाणात चालते. मुळांच्या श्वसनातील कार्बन डाय-ऑक्साइड व स्रावांतील अम्ले चुनखडी विरघळवितात आणि मोकळे झालेले कॅल्शियम सोडियमाची जागा घेते. मात्र सुटलेले सोडियम खाली वाहून जाण्यास निचरा हवा. तो नसल्यास हा लाभ टिकत नाही.

बदललेली पीकपद्धती : १९९० नंतर वऱ्हाडात सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले व खरीप ज्वारीचे घटले. मूग व उडीद यांचीही पीछेहाट झाली. बाजारभाव, मजुरी, वन्य प्राण्यांचा उपद्रव व कमी मुदतीच्या पिकाची सोय ही त्यामागील कारणे आहेत. मृदेच्या दृष्टीने पाहता यात केवळ एक धान्य जाऊन दुसरे आले असे झाले नाही. नायट्रेट होण्याची क्रिया मंदावणारी, तणांना रोखणारी व मर रोगाचा वेग कमी करणारी मुळे शेतातून गेली. सोयाबीननंतर हरभरा व पुन्हा सोयाबीन असा क्रम वर्षानुवर्षे ठेवल्यास मातीला शिंबावंत पिकांचेच स्राव मिळत राहतात आणि त्यांवर वाढणाऱ्या रोगकारक कवकांचा साठा वाढण्यास वाव मिळतो. फेरपालटीत एखादे तृणधान्य असणे म्हणूनच इष्ट आहे.

२००२ मध्ये भारतात बीटी कापसास मान्यता मिळाल्यावर त्यातील कीटकनाशक प्रथिन मुळांवाटे मातीत जाते काय, हा प्रश्न पुढे आला. सक्सेना, स्टॉट्झ्की व सहकारी यांना बीटी मक्याच्या मूलस्रावात हे प्रथिन १९९९ मध्ये आढळले होते. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनात्मक अभ्यासात बीटी कापसाच्या स्रावात ते आढळले नाही. एका पिकाचा निष्कर्ष दुसऱ्यास लावता येत नाही, हे यावरून दिसते.

अभ्यासातील अडचणी व उपयोग : मूलस्राव गोळा करण्यासाठी रोपे निर्जंतुक पाण्यात किंवा वाळूत वाढवितात. प्रत्यक्ष मातीत साधी शर्करा व अम्ले सूक्ष्मजीव काही तासांतच फस्त करतात, शिवाय काही संयुगे चिकणमातीस चिकटून बसतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील मोजमाप व शेतातील वस्तुस्थिती यांत अंतर राहते. फॉस्फरस विरघळविणाऱ्या जिवाणू खतांचे परिणाम शेतोशेती निरनिराळे येतात, याचेही एक कारण असे की, बाहेरून घातलेला सूक्ष्मजंतू तेथील मुळांच्या स्रावावर जगू शकला तरच टिकतो.

अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या (आता डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) शिफारशींत आंतरपिके, फेरपालट, बीजप्रक्रिया व ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त कवकांचा वापर यांस स्थान आहे. मूलस्रावांच्या ज्ञानामुळे या शिफारशींमागील कार्यकारणभाव स्पष्ट होतो व पिकाचा वाण निवडताना उत्पादनाबरोबर त्याच्या मुळांचा गुणही पाहता येतो. सेंद्रिय कार्बन कमी असलेल्या मृदेत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो; कारण तेथील सूक्ष्मजीवसृष्टीला मिळणाऱ्या ताज्या अन्नाचा मोठा भाग उभ्या पिकाच्या मुळांतूनच येतो. जमीन वर्षातील किती महिने जिवंत मुळांनी व्यापलेली आहे आणि ती मुळे किती प्रकारच्या पिकांची आहेत, या दोन गोष्टींवर पुढील पिकाला मिळणारा बेवड बऱ्याच अंशी अवलंबून असतो.